नाव सोनुबाई, पण अर्थ कुठाय?

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून दिलं होतं, "विशेषनामाला तसा अर्थ नसतो, ते नुसतं बोट दाखवतं", आणि पुढे दुसऱ्याच विषयाकडे वळले. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आलाय. काही चिडलेली, काही खरंच गोंधळलेली, एक-दोन तर माझ्यापेक्षा हुशार. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त नावांवरचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : माझं नाव प्रकाश. शब्दकोश उघडा, अर्थ सरळ दिलाय, उजेड. मग विशेषनामाला अर्थ नसतो असं तुम्ही कसं काय ठोकून दिलंत?

उत्तर : प्रकाशराव, चिडू नका. कोशातला प्रकाश आणि तुम्ही हे दोन वेगळे शब्द आहेत असं धरा, अक्षरं तेवढी सारखी आहेत. कोशातला शब्द ज्याला कळतो त्याला कुठलाही उजेड दाखवा, तो म्हणेल हा प्रकाश. पण तुमचं नुसतं नाव माहीत असलेल्या माणसासमोर दहा अनोळखी लोक उभे केले तर अर्थाच्या जोरावर तो तुम्हाला शोधू शकणार नाही, कारण तुम्ही काही चमकत नाही. आणि उद्या तुम्ही अगदी अंधारात बसून राहिलात तरी तुमचं नाव चुकलं असं कोणी म्हणणार नाही. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण बघा ना, आपण हसतो खरं, पण हातात कथील निघालं म्हणून सोनुबाईचं सोनुबाईपण जात नाही, तिचं नाव खोटं ठरत नाही. तेच 'हा वाळा सोन्याचा' असं सांगून कथलाचा दिला तर ती सरळ फसवणूक झाली. सोनं हा शब्द वस्तूबद्दल काहीतरी दावा करतो, सोनुबाई हे नाव कसलाच दावा करत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये नेमकं हेच मांडलं. त्याचं उदाहरण इंग्लंडमधल्या डार्टमथ गावाचं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमथ. आता समजा वाळू साचून नदीचं मुख बुजलं किंवा नदीने पात्रच बदललं, तर गावाचं नाव बदलावं लागेल का? नाही. म्हणजे नाव का पडलं याचं कारण वेगळं आणि नाव काय काम करतं ते वेगळं. कारण म्हणजे शिडी, वर चढल्यावर काढून घेतली तरी चालते.

आणि गंमत म्हणजे तुमच्या बाबतीत मराठी व्याकरणच मिलच्या बाजूने साक्ष देतं. उजेडाबद्दल बोलताना आपण 'प्रकाशाचा' म्हणतो, तुमच्याबद्दल बोलताना 'प्रकाशचा'. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, प्रकाशचा वेग त्याच्या मूडवर. आकाशाला हात टेकले, पण आकाशला फोन कर. सागराला भरती येते, सागरला झोप येते. सामान्यनाम असलं की प्रत्ययाआधी शब्द वाकतो, तोच शब्द कोणाचं नाव झाला की ताठ उभा राहतो, जणू त्याच्याभोवती काच बसवलीय आणि आतल्या अर्थाला आता हात लावायचा नाही. हा नियम पक्का नाहीये हे मलाही माहितेय, जुनी माणसं 'वसंताला बोलाव' असं सर्रास म्हणायची, देवाधर्माच्या नावांना अजूनही 'रामाला' असंच होतं. पण आजची बोली ज्या दिशेने चाललीय ती दिशा मला फार बोलकी वाटते.

प्रश्न : नाव जर नुसतं बोट असेल तर 'पहाटेचा तारा म्हणजेच संध्याकाळचा तारा' ही बातमी कशी काय होते? एकाच गोष्टीकडे दोनदा बोट दाखवलं, त्यात नवीन काय कळलं?

उत्तर : वा. हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा नीट पकडला तो गॉटलोब फ्रेगे, जर्मन गणिती, साल १८९२, आणि सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी लोक त्यावरच भांडतायत. हे दोन्ही तारे म्हणजे खरं तर शुक्र हा एकच ग्रह. तो आपल्याला सूर्यापासून फार लांब गेलेला दिसतच नाही, जास्तीत जास्त ४७ अंश, त्यामुळे तो दिसतो तो एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला. ग्रीकांनी त्याला दोन नावं दिली होती, पहाटेचा फॉस्फरोस आणि संध्याकाळचा हेस्परोस. 'हेस्परोस म्हणजे हेस्परोस' हे कोणीही डोळे मिटून सांगेल, 'हेस्परोस म्हणजे फॉस्फरोस' हे सांगायला मात्र कोणालातरी आकाशाकडे नीट बघत बसावं लागलं. दोन्ही वाक्यं एकाच गोळ्याबद्दल, मग फरक आला कुठून? (मराठीत हे कोडं जरा फिकं पडतं, कारण आपण दोन्ही वेळेला 'शुक्राची चांदणी'च म्हणतो, उत्तर आधीच फुटलेलं.)

फ्रेगेचं म्हणणं असं की नावाला दोन बाजू असतात. एक, ते ज्या वस्तूकडे जातं ती वस्तू. दुसरी, ती वस्तू आपल्यापुढे ज्या रीतीने येते ती रीत, तिला आपण आशय म्हणू. वस्तू एक, आशय दोन, म्हणून बातमी. याच्यापेक्षा मला त्याचं एका पत्राच्या मसुद्यातलं, १९१४ सालचं उदाहरण आवडतं. अनोळखी मुलुखात एक प्रवासी चाललाय, त्याला उत्तरेला क्षितिजावर बर्फाचा डोंगर दिसतो, तिथली माणसं सांगतात याचं नाव आफ्ला. दुसरा प्रवासी वेगळ्याच बाजूने येतो, त्याला डोंगर दक्षिणेला दिसतो, तिथले लोक म्हणतात आतेब. दोघं आपापल्या वहीत काळजीपूर्वक जागा मांडून ठेवतात आणि पुढे कधीतरी नोंदी ताडून बघितल्यावर कळतं की अरे, डोंगर एकच. आता सांगा, 'आफ्ला म्हणजे आतेब' हे कळल्यावर नकाशा बदलला की नाही? बदलला. 'आफ्ला म्हणजे आफ्ला' ने काय बदललं असतं? शून्य.

म्हणजे माझं मागचं वाक्य अर्धवट होतं, मान्य.

प्रश्न : मला तरी नाव म्हणजे माहितीचं गाठोडं वाटतं. मी कोणाचंही नाव घेतो तेव्हा त्या माणसाबद्दल मला जे जे माहितेय तेच माझ्या मनात असतं. यात चूक काय?

उत्तर : चूक असेल तर तुम्ही मोठ्या लोकांच्या संगतीत चुकताय. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १९०५ पासून पुढे याच वाटेने गेला, त्याच्या मते आपण रोज वापरतो ती नावं म्हणजे लपवलेली वर्णनं. फ्रेगेच्या एका तळटीपेतही हे आहे, 'ॲरिस्टॉटल' म्हणजे कोणासाठी 'प्लेटोचा शिष्य आणि अलेक्झांडरचा गुरू', तर कोणासाठी 'स्टॅगिरा गावात जन्मलेला अलेक्झांडरचा गुरू', म्हणजे आपला सिकंदर हो, त्याचा गुरू. मग अडचण आली की प्रत्येकाचं गाठोडं वेगळं, त्यातली एखादी गोष्ट खोटी निघाली तर काय करायचं? रसेलचाच शिष्य विटगेन्स्टाइन याने बायबलमधल्या मोझेसचं उदाहरण घेऊन विचारलं की यातलं नक्की किती खोटं निघालं तर तुम्ही म्हणाल असा माणूसच नव्हता? १९५८ मध्ये जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्यावर तोडगा काढला, की गाठोड्यातलं सगळं खरं असायची गरज नाही, पुरेसं खरं असलं की झालं. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं आणि बरेच दिवस सगळ्यांना पटलंही.

मग जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला सॉल क्रिप्की नावाच्या २९ वर्षांच्या तत्त्वज्ञाने हातात लिहिलेला कागद न घेता तीन व्याख्यानं दिली. टेप केली होती म्हणून वाचली. १९७२ मध्ये छापून आली आणि त्या गाठोड्याच्या पार चिंध्या झाल्या.

पहिला घाव. 'ॲरिस्टॉटल लहानपणीच वैद्यकीकडे वळला असता तर त्याने कोणालाच शिकवलं नसतं', हे वाक्य ठीक आहे ना? खरं-खोटं जाऊ द्या, समजतं तरी. आता नावाच्या जागी वर्णन ठेवा, 'अलेक्झांडरच्या गुरूने कोणालाच शिकवलं नसतं'. अडखळलात की नाही? परिस्थिती कितीही उलटीपालटी करा, नाव त्याच माणसाला धरून राहतं, वर्णन मात्र ज्याला लागू पडेल त्याच्या मागे पळतं. क्रिप्कीने नावांच्या या चिवटपणाला शब्द दिला रिजिड डेझिग्नेटर, मराठीत दृढ निर्देशक म्हणू. नावं म्हणजे चिकटवलेले टॅग आहेत हे रूथ बार्कन मार्कस या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९६१ मध्येच म्हटलं होतं, श्रेय कोणाला किती यावरून नंतर चांगलीच जुंपली, तो वाद मी इथे उघडत नाही.

दुसरा घाव जास्त खोल. गणिती कुर्ट गोडेलबद्दल बहुतेकांना एकच गोष्ट माहीत असते, त्याने १९३१ मध्ये अपूर्णतेचं प्रमेय सिद्ध केलं. क्रिप्की म्हणतो, समजा ते प्रमेय खरं श्मिट नावाच्या कोणा बिचाऱ्याने शोधलं आणि गोडेलने त्याचं हस्तलिखित ढापलं. गाठोड्याच्या हिशेबाने आपण 'गोडेल' म्हणतो तेव्हा आपण श्मिटबद्दल बोलत असतो, कारण वर्णन त्याला बसतं. पण तसं होत नाही. आपण गोडेलबद्दलच बोलत असतो, फक्त चुकीचं बोलत असतो. (गोडेल तेव्हा जिवंत होते, आणि त्याच प्रिन्स्टनमध्ये राहत होते. कोणी त्यांना ही चोरीची कल्पित कथा सांगितली का, कोण जाणे.) श्मिट कल्पित आहे, पण इटालियन गणिती पेआनोचं खरं आहे. अंकगणिताची जी गृहीतकं पेआनोच्या नावावर खपतात ती जर्मन गणिती डेडेकिंडने आधी मांडली होती, पेआनोने स्वतः तसं कबूलही केलंय, तरी 'पेआनो' म्हणताना आपण गेली कित्येक वर्षं नकळत डेडेकिंडबद्दल बोलतोय असं कोणालाच वाटत नाही.

एक माझ्या घरचं. फोनमध्ये एक नंबर 'प्लंबर नवीन' म्हणून सेव्ह केलेला आहे. सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा जुना प्लंबर फोन उचलेना म्हणून हा शोधला होता. आता हा नवीन राहिलेला नाही, आणि मागच्या वर्षी त्याने नळाची कामंही सोडली, वायरिंगचं बघतो. पण घरात अजूनही 'प्लंबर नवीनला विचार ना' असंच चालतं. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'नवीन प्लंबरने प्लंबिंग सोडलं' म्हटलं की ऐकणारा विचारतो मग तो कसला प्लंबर. 'प्लंबर नवीनने प्लंबिंग सोडलं' म्हटलं की विचारतो, हो? मग आता काय करतो? शब्द तेच, क्रम तेवढा उलटा, आणि मधल्या काळात कधीतरी, आमच्या कोणाच्याही लक्षात न येता, वर्णनाचं नाव झालं. तुमचं गाठोडं कामाचं असतं ते इथे, नाव बांधताना. एकदा गाठ बसली की गाठोडं रिकामं झालं तरी नाव टिकतं.

आणि मराठीत नाव ठेवणं वेगळं, नावं ठेवणं वेगळं. वर्णनवाल्यांनी बहुतेक या दोन्हींत गल्लत केली असावी.

प्रश्न : मग दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसापर्यंत माझं नाव पोचतं तरी कसं? मी काही ॲरिस्टॉटलला भेटलेलो नाही.

उत्तर : साखळीने. कोणीतरी त्याला नाव दिलं, घरच्यांनी ते वापरलं, त्यांच्याकडून दुसऱ्यांनी उचललं, मग पोथ्या, भाषांतरं, पाठ्यपुस्तकं, तुम्ही. प्रत्येक जण आधीच्याकडून नाव घेताना मनात एवढंच धरतो की तू ज्याच्याबद्दल बोलतोयस त्याच्याबद्दलच मीही बोलणार. त्यामुळे इ.स.पू. ३२२ मध्ये वारलेल्या त्या माणसाने आपलं नाव 'ॲरिस्टॉटल' असं कधीही ऐकलं नसलं, तो स्वतःला अरिस्टोटेलिस म्हणत असला, तरी आपलं बोलणं त्याच्यापर्यंत जातं. क्रिप्कीचंच दुसरं उदाहरण फाइनमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं. रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, कोणीतरी मोठा फिजिक्सवाला. असे शेकड्यांनी आहेत, म्हणजे त्याच्याकडे धड वर्णनसुद्धा नाही, आणि तरी तो फाइनमनबद्दलच बोलतोय कारण साखळी शाबूत आहे.

पण साखळी घसरू शकते बरं का. गॅरेथ एव्हान्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये मादागास्करचं उदाहरण काढलं आणि सगळ्यांची पंचाईत केली. हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या एका भागाचं, मार्को पोलोने ऐकीव माहितीवरून ते बेटाला लावलं. त्याचा इरादा एकदम प्रामाणिक होता, खलाशी ज्याबद्दल बोलत होते त्याबद्दलच त्याला बोलायचं होतं. साखळीच्या नियमाने बघितलं तर आजही 'मादागास्कर' म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याचा तुकडा व्हायला हवा, आणि तसं तर अजिबात नाहीये, बेट म्हणजे बेट. एव्हान्सचं म्हणणं, नाव कुठून आलं एवढंच बघून भागत नाही, आज ते वापरणाऱ्यांकडे जी माहिती जमते ती मुख्यतः कुठल्या वस्तूकडून येते तेही बघा. मला हे पटतं. चूक पुरेसे दिवस, पुरेशा लोकांनी केली की तिला चूक म्हणता येत नाही, ते नवं नामकरण होतं.

प्रश्न : जे अस्तित्वातच नाही त्याच्या नावाचं काय?

उत्तर : व्हल्कन. युरेनसच्या भ्रमणातला घोळ बघून ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने कागदावर नेपच्यूनची जागा सांगितली आणि १८४६ मध्ये दुर्बिणीतून तो खरंच तिथे सापडला. मग बुधाच्या कक्षेतही घोळ दिसला, म्हणून १८५९ मध्ये त्याने तोच डाव पुन्हा टाकला, की सूर्याजवळ अजून एखादा ग्रह असणार, आणि त्याला व्हल्कन हे नाव पडलं. लोकांना तो 'दिसला'ही! १९१५ मध्ये आइन्स्टाइनने बुधाचा तो घोळ, शतकाला साधारण ४३ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), ग्रहाशिवायच सोडवून दाखवला. आता 'नेपच्यून' आणि 'व्हल्कन' ही दोन्ही नावं एकाच माणसाच्या, एकाच पद्धतीच्या हिशेबातून निघालेली, एकाच्या टोकाला ग्रह, दुसऱ्याच्या टोकाला काहीच नाही. तरी 'व्हल्कन नाहीये' हे वाक्य खरं आहे आणि आपल्याला कळतं. बोट असण्याचा सिद्धांत इथे खरोखर अडकतो, कारण बोट कशाकडेच नसेल तर आपण नाही म्हणतोय ते कशाला? रसेलचं वर्णन इथे सगळ्यात सोपं पडतं, 'अमुक कक्षेत फिरणारा ग्रह नाही', मिटलं. क्रिप्कीच्या बाजूचे लोक अजून घाम गाळतायत.

प्रश्न : आपल्याकडे कोणी यावर विचार केला नव्हता का, की सगळं युरोपातच?

उत्तर : केला होता की, आणि भांडणही तेच होतं. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, शब्दांचे चार प्रकार येतात, जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द. गाय, पांढरी, चालणारी, आणि चौथा डित्थ. डित्थला काही अर्थ शोधू नका, तो मुद्दामच बिनअर्थाचा निवडलाय, यदृच्छा म्हणजे मनाला आलं म्हणून ठेवलेलं नाव. हा विषय निघतो कुठे तर ऌ या अक्षराच्या चर्चेत. हो, तोच ऌ, ज्याचा आपल्याला 'कॢप्ती' सोडून काही उपयोग नसतो. प्रश्न होता की हा स्वर वर्णांच्या यादीत घ्यायचाच कशाला. एक उत्तर असं की समजा कोणी सहज लहर आली म्हणून एखाद्याचं नाव ऌतक ठेवलं, तर त्या नावालाही संधीचे नियम लागायला हवेत ना. म्हणजे अक्षर यादीत ठेवायचं कारण काय, तर उद्या कोणीतरी काहीही नाव ठेवू शकतं. मला हे भन्नाट वाटतं. आणि तिथेच लगेच उलटा पक्षही नोंदलाय, शब्द तीनच प्रकारचे, यदृच्छाशब्द नसतातच. तेव्हा 'आपल्याकडे हे आधीच सुटलं होतं' असं कोणी सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका, आपल्याकडेही ते भांडण उघडंच होतं.

प्रश्न : तुमचं स्वतःचं मत काय? एकदाचं सांगून टाका.

उत्तर : मला वाटतं दोन वेगळे हिशेब एकाच वहीत लिहिल्याने सगळा घोळ झालाय. नाव कोणाचं आहे, हा हिशेब माझ्या डोक्याबाहेरचा. तो साखळीवर ठरतो, माझ्या माहितीवर नाही, तिथे क्रिप्की बरोबर. पण मी त्या नावाने काय समजले, कशाने चकित झाले, हा हिशेब डोक्यातला, आणि तिथे फ्रेगेने जे हेरलं ते नुसत्या साखळीने भागत नाही. 'अर्थ' हा एकच शब्द दोन्हींना वापरला की भांडण अटळ.

मात्र हे म्हणून मी सुटले असं नाही. १९७९ मध्ये क्रिप्कीनेच एक कोडं घातलं. पेदेरेव्हस्की नावाचा मोठा पियानोवादक होता, तोच १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला. आता समजा पीटर नावाच्या माणसाने पियानोवादक पेदेरेव्हस्कीबद्दल ऐकलंय, म्हणून तो मानतो की पेदेरेव्हस्कीला संगीतातलं कळतं. नंतर तो पुढारी पेदेरेव्हस्कीबद्दल ऐकतो, पुढाऱ्यांना कुठलं आलंय संगीत, म्हणून समजतो की हा दुसराच कोणी, नाव सारखं. मग पीटर काय मानतो, पेदेरेव्हस्कीला संगीत कळतं की नाही? माणूस एक, साखळी शेवटी त्याच्याकडेच जाते, आणि इथे हेस्परोस-फॉस्फरोससारखी दोन नावंही नाहीत की दोन आशय म्हणून हात झटकावेत, नावही एकच. माझ्या दोन वह्या इथे एकमेकांत सांडतात. 'हो' म्हटलं तरी खोटं बोलल्यासारखं होतं, 'नाही' म्हटलं तरी, आणि 'दोन्ही' म्हटलं तर बिचाऱ्या पीटरला विनाकारण वेडं ठरवल्यासारखं, त्याच्या तर्कात तर काहीच चूक नाहीये.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला त्याचं नाव बरोबर कळतं. म्हणजे त्यालाही हे सगळं येतं म्हणायचं का?

उत्तर : त्याला हाक कळते. हाक मारणं वेगळं आणि कोणाबद्दल तरी बोलणं वेगळं, तुम्ही त्याच्या पाठीमागे शांतपणे 'त्याला उद्या डॉक्टरकडे न्यायचंय' असं नाव घेऊन म्हणालात तरी तो शेपूट हलवत येणारच, त्याच्या लेखी नाव घेतलं म्हणजे बोलावलं. आमच्या ओळखीच्या एका घरात यावर उपाय म्हणून कुत्र्याबद्दल बोलताना 'साहेब' म्हणायला लागले, साहेबांना अंघोळ घालायचीय वगैरे. दोनेक महिने मस्त चाललं. आता तो 'साहेब' म्हटल्यावरही उठून येतो, आणि ते लोक तिसरं नाव शोधतायत.